घरच्या नॅसवर फाइल कॉपी व्हायला तासन्‌तास का लागतात? अडलंय कुठे, ते आकड्यावरून ओळखा

लग्नाचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, आजीच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग. सगळं मिळून २०० गिगाबाइट. लॅपटॉपमधली जागा संपत आली म्हणून हे सगळं घरातल्या नॅसवर टाकायला घेतलं आणि स्क्रीनवर दिसलं, 'अजून १८ तास'. थोडा वेळ वाट पाहिली जाते, मग लॅपटॉप बंद करावा लागतो आणि कॉपी अर्धवट राहते. 'रविवारी बघू' म्हणत काम पुढे ढकललं जातं. असे चार-पाच रविवार जातात आणि एक दिवस लॅपटॉपची डिस्कच बंद पडते.

म्हणून नॅसचा कमी वेग ही नुसती कटकट नाही. ज्या बॅकअपला फार वेळ लागतो तो घेतलाच जात नाही, हा खरा धोका आहे. पण वेग कुठे अडलाय हे शोधायला इंजिनिअर असावं लागत नाही. कॉपी होताना स्क्रीनवर जो आकडा दिसतो, त्यावरूनच बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते कळतं. तो आकडा वाचायचा कसा आणि त्यानंतर काय करायचं, ते पाहूया.

नॅस म्हणजे नेमकं काय?

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. सोप्या भाषेत, घरच्या राउटरला जोडलेली अशी डिस्क, जी घरातल्या सगळ्यांना आपापल्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून वापरता येते. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांचे डिस्क बसवायचे तयार बॉक्स मिळतात. काही जण जुना कॉम्प्युटरच नॅस म्हणून वापरतात, तर काही जण राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावतात.

तिन्ही प्रकारांत फाइलचा प्रवास जवळपास सारखा असतो. लॅपटॉपची डिस्क, तिथून वाय-फाय किंवा केबल, मग राउटर, पुढे नॅसपर्यंतची केबल आणि शेवटी नॅसमधली डिस्क. या साखळीत जी कडी सगळ्यात संथ, तिचाच वेग संपूर्ण कॉपीला मिळतो. बाकीच्या कड्यांवर कितीही पैसे खर्च केले तरी फरक पडत नाही. त्यामुळे आधी संथ कडी शोधायची, खरेदीचं नंतर बघायचं.

आधी दोन गैरसमज दूर करू

पहिला गैरसमज इंटरनेट प्लॅनचा. नॅसवर कॉपी हळू होते म्हणून अनेक जण ब्रॉडबँडचा प्लॅन १०० वरून ३०० चा करून घेतात. पण लॅपटॉपवरून घरातल्या नॅसवर जाणारी फाइल इंटरनेटवर जातच नाही. ती घरातल्या राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच नॅसकडे वळते. इंटरनेट पूर्ण बंद असलं तरी ही कॉपी चालू राहते. त्यामुळे प्लॅन वाढवून इथे काहीच मिळत नाही.

याला एक अपवाद आहे. नॅस कंपनीच्या ॲपमधून किंवा घराबाहेरून वापरण्याच्या पत्त्यावरून नॅस उघडला असेल, तर घरात बसूनही फाइल इंटरनेटवरून फिरून येऊ शकते. फोन मोबाइल डेटावर असेल किंवा लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल, तरी असं होऊ शकतं. म्हणून व्हीपीएन बंद करा आणि नॅस त्याच्या घरातल्या पत्त्यावरून उघडा. हा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होतो आणि राउटरच्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडतो.

दुसरा गैरसमज बिट आणि बाइटचा. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइल कॉपी होतानाचा वेग मेगाबाइटमध्ये दिसतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जाऊ शकतात आणि प्रत्यक्षात ११-१२ मिळतात. '१०० चा स्पीड असून ११ च कसा येतो?' या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

चाचणी कशी घ्यायची?

८-१० गिगाबाइटची एकच मोठी फाइल घ्या. एखादा लांब व्हिडिओ चालेल. ती नॅसवर कॉपी करा आणि मिनिटभराने आकडा पाहा. सुरुवातीचे काही सेकंद सोडून द्या, कारण तेव्हा फाइल तात्पुरती मेमरीत साठवली जाते आणि वेग खोटा मोठा दिसतो. विंडोजमध्ये कॉपीच्या खिडकीत 'मोअर डीटेल्स' दाबलं की वेग आणि त्याचा आलेख दिसतो. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या नेटवर्क विभागात तो पाहता येतो.

मग उलटी चाचणी घ्या. नॅसवरची एखादी मोठी फाइल लॅपटॉपवर आणा. दोन्ही दिशांना वेग कमी असेल तर संशय नेटवर्कवर घ्यायचा. नॅसवरून आणताना वेग चांगला आणि नॅसवर टाकतानाच कमी असेल, तर संशय नॅसच्या डिस्कवर.

आकडा काय सांगतो?

सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट: गिगाबिट केबल पूर्ण क्षमतेने चालू आहे. कुठेही बिघाड नाही.

११ ते १२ मेगाबाइट, अगदी स्थिर: कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर अडकली आहे. जवळपास नेहमी केबल किंवा पोर्ट.

३० ते ४० मेगाबाइट, स्थिर: डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टला किंवा केबलला लावलेली असावी, किंवा राउटरचा प्रोसेसर थकलाय.

१० च्या आत आणि सतत वर-खाली: वाय-फाय कमजोर आहे.

मोठी फाइल वेगात, पण हजारो फोटोंचा फोल्डर संथ: बिघाड नाही, लहान फाइलींचा स्वभावच तसा आहे.

आधी ११०, मग काही मिनिटांनी एकदम २०-३०: डिस्कला लिहिण्याचा भार झेपत नाही.

मध्येच शून्यावर थांबणं, पुन्हा सुरू होणं: डिस्क खराब होत असण्याची शक्यता. हे लक्षण दिसलं तर आधी लेखातला शेवटून दुसरा भाग वाचा.

हेच आकडे वेळेत मोजले तर फरक कळतो. २०० गिगाबाइट ११० च्या वेगाने साधारण अर्ध्या तासात जातात. ११ च्या वेगाने पाच तास लागतात आणि ३ च्या वेगाने १८ तासांहून जास्त.

केबल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यातल्या चारच पुरतात, गिगाबिटला मात्र आठही लागतात. दाराखाली दबून, उंदराने कुरतडून किंवा क्लिप नीट न बसल्याने उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली, तर जोडणी बहुधा बंद पडत नाही. ती गुपचूप १०० मेगाबिटवर येते. इंटरनेट चालत राहतं, व्हिडिओ दिसत राहतात, त्यामुळे दोष लक्षातच येत नाही. नॅसवर कॉपी करायला घेतल्यावरच तो उघडा पडतो.

तपासणं सोपं आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. तिथे लिंक स्पीड १००० असायला हवा. १०० दिसत असेल तर केबल बदलून पाहा. लॅपटॉपची केबल ठीक असेल तर नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचाही लिंक स्पीड पाहा, कारण दोष त्या बाजूच्या केबलमध्येही असू शकतो. क्लिप पारदर्शक असेल तर तारा मोजूनही घेता येतात. आठऐवजी चारच दिसल्या, तर ती केबल गिगाबिट कधीच देणार नाही.

नवी केबल घेताना तिच्यावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं पाहा. घरातल्या अंतरासाठी दोन्ही गिगाबिटला पुरेशा आहेत. यासाठी काहीशे रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही.

केबल बदलूनही आकडा ११ च असेल तर पोर्ट पाहा. ब्रॉडबँड कंपनीकडून मिळालेल्या अनेक फायबरच्या डब्यांना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० मेगाबिटचे. जुन्या, स्वस्त राउटरचे सगळेच पोर्ट १०० चे असू शकतात. अशा वेळी राउटर बदलायची गरज नाही. एक साधा गिगाबिट स्विच घ्यायचा, त्यात लॅपटॉप आणि नॅस दोन्ही लावायचे आणि स्विचची एक केबल राउटरला जोडायची. मग फाइल स्विचमधूनच थेट नॅसकडे जाते.

वाय-फाय: भिंती, अंतर आणि दुहेरी प्रवास

लॅपटॉप वाय-फायवर असेल तर तो कोणत्या पट्ट्यावर आहे ते आधी पाहा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून लांब जातो, पण संथ असतो आणि त्यावर गर्दी फार. त्यात एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे राउटर याच तिघांत दाटीने बसतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बराच वेगवान आहे, पण आरसीसीच्या भिंतीमागे तो लवकर अडखळतो. म्हणून मोठी कॉपी करायची तर राउटर असलेल्या खोलीत जाऊन ५ गिगाहर्ट्झवर करावी. चांगल्या लॅपटॉपला तिथे साधारण ४० ते ७० मेगाबाइट मिळू शकतात.

नॅससुद्धा वाय-फायवर असेल तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून नॅसकडे. हवा एकच, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. घरात वाय-फाय रिपीटर असेल तरी हेच होतं. नॅस नेहमी केबलने राउटरला जोडलेला असावा, हा यातला पहिला नियम.

आणखी एक कारण सहज लक्षात येत नाही. यूएसबी ३.० च्या उपकरणांतून आणि केबलमधून निघणाऱ्या विद्युत गोंगाटामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला अडथळा येतो. इंटेलने २०१२ मध्येच हे तपासून प्रसिद्ध केलं होतं. बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपला किंवा राउटरला चिकटून ठेवली असेल तर ती थोडी दूर सरकवा, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

राउटरला लावलेली डिस्क

राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणं स्वस्तात होतं, पण राउटरचा प्रोसेसर या कामासाठी बनवलेला नसतो. इंटरनेट सांभाळता सांभाळता तो फाइलही लिहीत असतो. शिवाय पोर्ट अनेकदा यूएसबी २.० चा असतो, आणि त्याचा प्रत्यक्ष वेग ३०-४० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. यूएसबी ३.० चा पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो, तो असेल तर डिस्क तिथे लावा.

खात्री करायची असेल तर डिस्क राउटरवरून काढून थेट लॅपटॉपला लावा आणि तीच फाइल कॉपी करा. लॅपटॉपवर वेग १०० च्या पुढे आणि राउटरवर २०, तर डिस्क चांगली आहे, राउटर कमी पडतोय. अशा वेळी पहिली मोठी कॉपी डिस्क लॅपटॉपला लावूनच करा आणि मग ती राउटरवर ठेवा. पुढे रोजच्या थोड्या फाइलींसाठी २० चा वेगही पुरतो.

फाइल निघते तिथला वेगही तपासायला हवा. स्वस्त पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं जुनं मेमरी कार्डच १५-२० मेगाबाइटच्या वेगाने वाचलं जात असेल, तर नॅसवर त्याहून जास्त वेग येणार कुठून?

हजारो लहान फाइली: बिघाड नसलेला संथपणा

एक १० गिगाबाइटचा व्हिडिओ दीड मिनिटात जातो आणि तेवढ्याच वजनाचे दहा-वीस हजार फोटो अर्धा-पाऊण तास घेतात. हे पाहून नॅस बिघडलाय असं वाटतं. पण प्रत्येक फाइलसाठी लॅपटॉप आणि नॅस यांच्यात देवाणघेवाण होते. फाइल तयार कर, नाव लिही, मजकूर घे, तारीख नोंदव, बंद कर. घर बदलताना सामान एका ट्रकने नेणं आणि एकेक भांडं हातात घेऊन फेऱ्या मारणं, यात जो फरक आहे तोच इथे. वर लॅपटॉपचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासत असेल तर आणखी वेळ जातो.

यावर दोन उपाय आहेत. जे फक्त जपून ठेवायचं आहे, त्याची वर्षवार झिप फाइल करून ती कॉपी करा. आणि दर वेळी सगळा फोल्डर ओढून टाकण्याऐवजी फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली पाठवणारं बॅकअप सॉफ्टवेअर वापरा. नॅस कंपन्या ते बहुधा मोफत देतात. ही कल्पना जुनीच आहे. फक्त बदललेला भाग पाठवणारा 'आरसिंक' हा प्रोग्राम १९९६ मध्ये आला. त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल. अनेक घरगुती नॅसमध्ये विंडोजशी बोलण्यासाठी जे 'सांबा' सॉफ्टवेअर असतं, त्याची सुरुवातही त्यांनीच केली. अशा पद्धतीने पहिली कॉपी एका रात्रीत पूर्ण केली की नंतरचे बॅकअप अनेकदा काही मिनिटांत उरकतात.

सुरुवात जोरात, मग दम लागतो

कॉपी ११० ने सुरू होते आणि काही गिगाबाइटनंतर २०-३० वर येते. याचं एक कारण डिस्कच्या बनावटीत असतं. 'एसएमआर' पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची कौलंही उचलून पुन्हा बसवावी लागतात. ही डिस्क थोड्या वेळासाठी येणारा भार एका वेगळ्या भागात घेऊन वेळ मारून नेते. तो भाग भरला की वेग कोसळतो.

वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेत २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. त्यावर बरीच टीका झाली. त्यानंतर कंपनीने कोणत्या मॉडेलमध्ये कोणती पद्धत आहे याची यादी दिली आणि 'सीएमआर' या जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी 'रेड प्लस' हे वेगळं नाव वापरायला सुरुवात केली. नॅससाठी डिस्क घेताना मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून 'सीएमआर' असल्याची खात्री करा. घरात आधीच एसएमआर डिस्क असेल तर ती फेकायची गरज नाही. मोठी कॉपी टप्प्याटप्प्याने करा आणि मध्ये डिस्कला तासभर मोकळी सोडा.

दुसरं कारण, नॅस स्वतःच दुसऱ्या कामात असणं. नवे फोटो आले की त्यांच्या छोट्या प्रतिमा बनवणं, चेहरे ओळखणं किंवा डिस्क बदलल्यावर सगळी माहिती नव्याने बसवणं ही कामं मागे चालू असतात. नॅसच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये प्रोसेसर किंवा डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांच्या आसपास दिसत असेल तर ते काम संपू द्या. डिस्क जवळजवळ पूर्ण भरली असेल तरी वेग घटतो, म्हणून थोडी जागा नेहमी मोकळी ठेवावी.

वेग कमी होणं हा इशारा असतो तेव्हा

वरचे सगळे उपाय सवडीने करता येतात, याला मात्र घाई हवी. पूर्वी नीट चालणारा नॅस अचानक संथ झाला, कॉपी मध्येच शून्यावर थांबू लागली, जुने फोटो उघडायला वेळ घेऊ लागले किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला, तर डिस्क शेवटच्या टप्प्यात असू शकते. खराब झालेली जागा ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते, म्हणून वेग पडतो.

अशा वेळी नवीन काही त्या डिस्कवर टाकू नका. वेगाच्या चाचण्या थांबवा. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवायच्या आधी जे पुन्हा मिळणार नाही ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. आधी फोटो आणि कागदपत्रं घ्या, सिनेमे सगळ्यात शेवटी. मग नॅसच्या सेटिंगमध्ये डिस्कचा 'स्मार्ट' अहवाल पाहा. त्यात 'रिअलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर' यांचे आकडे शून्यापेक्षा जास्त असतील आणि वाढत असतील, तर डिस्क बदलायची वेळ आली आहे. तिच्यातून आवाज येत असेल आणि फोटो दुसरीकडे कुठेच नसतील, तर नॅस बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावा.

नॅसमध्ये दोन डिस्क आहेत आणि दोन्हींवर तीच माहिती जाते, म्हणून बॅकअप झाला असं समजू नका. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हींवरून एकदम जाते. चोरी, आग किंवा व्हायरस यांतही दोन्ही एकत्रच जातात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा नियम त्यासाठीच आहे.

कॉपी संपल्यावर

महत्त्वाच्या फाइली कधीही 'कट-पेस्ट' करून हलवू नका, 'कॉपी' करा. मध्येच वीज गेली तर लिहीत असलेली फाइल अर्धवट राहू शकते, पण मूळ फाइल लॅपटॉपवर शाबूत असते. जिथे वीज वारंवार जाते, तिथे नॅस आणि राउटरला छोटा यूपीएस लावणं नव्या डिस्कइतकंच गरजेचं आहे.

आणि '१०० टक्के' दिसल्यावर लगेच लॅपटॉपवरचे फोटो डिलीट करू नका. दोन्हीकडच्या फोल्डरची साइज आणि फाइलींची संख्या जुळवा. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे पाच-दहा फोटो-व्हिडिओ नॅसवरून उघडून पाहा. ते नीट उघडले, आणि घराबाहेर आणखी एक प्रत असेल, तरच लॅपटॉपमधली जागा मोकळी करा.